शब्दाचं गाव विचारणारा वामन पेंटर

वामन पेंटर ब्रश रंगात बुडवायच्या आधी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा, "या शब्दाचं गाव कुठलं?"

उल्हासनगरच्या कॅम्पातले दुकानदार त्याला पाट्या रंगवायला बोलवायचे. शिडी लावलेली, रंगाचा डबा उघडलेला, पत्र्यावर खडूची दोरी मारून झालेली, आणि हा खाली उभा राहून विचारणार. दुकानदार वैतागायचा. "अरे साईं, तू लिख ना, मुझे क्या मालूम!" मग हाच सांगायचा. दुकान फारसीतून आलं, चावी पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरली, बटाटा तिच्याच मागोमाग. पाव तास पाटी कोरीच. पण अक्षर असं काढायचा की दुकानदार दुसऱ्या पाटीला पुन्हा त्यालाच बोलवायचा. त्याला विचारलं की म्हणायचा, "गाव विचारल्याशिवाय मी पाहुण्याला आणि शब्दाला घरात घेत नाही."

मी चौथी पास माणूस. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होतो. शब्दांशी माझा संबंध हजेरीपुरता आणि शिव्यांपुरता. आम्ही बुवापाड्यात बारा खोल्यांच्या बैठ्या चाळीत राहायचो, मी आणि माझी बायको हिरा, खोली नंबर सहा. ऐंशी सालाच्या सुरुवातीला पाच नंबरात वामन राहायला आला. सोबत हरूमल. हा सिंधी, उल्हासनगरला जीन्स पँटी शिवायच्या कारखान्यात कटर. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. दोघे चाळिशीच्या अलीकडचे, दोघांची लग्नं झालेली नाहीत. पहिल्या महिन्यात चाळ विचारत होती, कोण रे हे? दुसऱ्या महिन्यात विचारायची थांबली. सगळ्यांना कळलं होतं. तोंडाने मात्र कोणी बोलत नव्हतं.

पहिल्यांदा बोललो तो मीच, आणि वाईट बोललो. नळावर भांडण झालं होतं. माझी बादली त्याने बाजूला सरकवली असं मला वाटलं. मी चार माणसांत म्हणालो, "ए बायल्या, बादली ठेव जागेवर!"

वामनने बादली जागेवर ठेवली, भरली, आणि माझ्या हातात दिली. मग शांतपणे म्हणाला, "सेक्रेटरी, या शब्दाचं गाव माहीत आहे?"

मी तेव्हा चाळ कमिटीचा सेक्रेटरी होतो. म्हणालो, "मला नाही शिकायचं."

"फुकट आहे, ऐका. बाईल म्हणजे बायको. जुन्या मराठीत चांगल्या घरातसुद्धा असंच म्हणायचे. म्हणजे तुम्ही मला म्हणालात, बायकोसारखा. घर सांभाळणारा, दुखलंखुपलं बघणारा. यात माझी लाज कुठे निघाली? निघाली असेल तर वहिनींची निघाली."

हिरा मागे घागर घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर ताट माझ्यासमोर असं आदळलं की आमटी भिंतीवर उडाली. "पंधरा वर्सं तुमचा डबा भरतेय, आन् मी तुमची शिवी?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाच नंबरात वाटीभर वालाचं बिरडं घेऊन गेली.

तिथून त्या दोघांचं जमलं. हिरा बारवी धरणाच्या पलीकडच्या पाड्यातली. चाळीतल्या बायका तिच्या बोलण्याला हसायच्या. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा तिला दुरुस्त करायचो. कुंपणाला ती वई म्हणायची, भाताच्या लावणीला आवण, पेंढ्यांच्या रचलेल्या ढिगाला उडवी. मी म्हणायचो, "नीट बोल, चार लोकांत राहतो आपण." वामन मात्र कॅलेंडरची जुनी पानं उलटी करून बसायचा आणि तिचा एकेक शब्द उतरवून घ्यायचा. "वहिनी, हा शब्द माझ्या कोशात नाही. पुन्हा सांगा. कोणाच्या तोंडून ऐकला?" ती लाजायची, मग सांगायची, मग तिला सांगायचं वेडच लागलं. माझ्या निरक्षर बायकोला त्या माणसाने मास्तरीण केलं. तिची पाठ कधी नव्हे ती सरळ झाली. हे मी तेव्हा पाहिलं आणि मला थोडा राग आला. आता ती नाही, आता वाटतं की ते काम माझं होतं.

त्याचा कोश म्हणजे पुठ्ठा गेलेलं एक जाडजूड पुस्तक, रद्दीतून आणलेलं. त्यात तो काय शोधतो हे मी एकदा विचारलं. रविवार होता, दोघे दारात बसून मटार सोलत होते. हरूमल सोलत होता, वामन खात होता.

"आमच्यासाठी शब्द शोधतोय," वामन म्हणाला. इतकं सरळ बोलेल असं वाटलं नव्हतं. "लोकांनी दिलेत ते सगळे फेकून मारायचे आहेत. पण प्रत्येक शिवी कधीतरी साधा शब्द होती, सेक्रेटरी. तिला कोणी बिघडवली ते शोधायचं. आता छक्का घ्या. छक्का म्हणजे सहाचं दान. सहा पडल्याशिवाय सोंगटी घरातून बाहेर पडते का? अरे, सगळ्यात मोठं दान आहे ते!"

हरूमल हसला. मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "ये ऐसेही बोलता है," मला म्हणाला. "मार खाके आता है, फिर बोलता है, आज एक नया शब्द मिला."

"संस्कृत कोशात आम्हाला तृतीया प्रकृती म्हटलंय," वामन म्हणाला. "प्रकृती! विकृती नाही लिहिलं. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला जे लिहिताना लाज वाटली नाही, ते तुमच्या अण्णांना उच्चारताना वाटते."

अण्णा म्हणजे चाळीचे अध्यक्ष, खोली नंबर एक. आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या चाळीत दर पौर्णिमेला सत्यनारायणाची पूजा व्हायची. बारा खोल्या, बारा पौर्णिमा. एक नंबरचं जोडपं चैत्रात बसणार, दोन नंबरचं वैशाखात, अशी पाळी. नियम एकच. ज्या खोलीला कुलूप आहे तिची पाळी अध्यक्षांना. बाकी कोणाला वगळायचं नाही. पाच नंबरला यायचा श्रावण, सगळ्यात मानाचा महिना. आणि पाच नंबरात जोडपं नव्हतं, म्हणजे आम्ही ज्याला जोडपं म्हणत होतो तसं नव्हतं. मग काय करायचं? अण्णा मला म्हणाले, "बंद लिही." मी रजिस्टरात लिहिलं, खोली नंबर पाच, बंद.

दहा वर्षं लिहिलं. आणि पाडव्याला यादीचा फलक नवीन रंगवायचा असायचा. तो रंगवणार कोण? वामनच. मी त्याला यादी द्यायचो आणि तो स्वतःच्या हाताने, स्वतःच्या त्या देखण्या अक्षरात, श्रावणापुढे लिहायचा, "खोली क्र. ५ : बंद". निळ्या रंगात, बारीक सोनेरी कड काढून. फलक टांगायचा आणि त्याच बंद खोलीत चहा प्यायला जायचा. दहा वर्षांत एका शब्दाने बोलला नाही. मला वाटायचं, त्याला काही वाटत नाही. इतका मी शहाणा.

मग एका हिवाळ्यात हरूमलला कावीळ झाली. साधी नव्हे, माणूस हळदीच्या पाण्यासारखा पिवळा. वामनने दीड महिना ब्रशला हात लावला नाही. उसाचा रस, मुळ्याचा पाला, डॉक्टर, वैद्य, सगळं केलं. एका संध्याकाळी हिराला म्हणाला, "वहिनी, हा उठला तर श्रावणात आम्ही दोघं पूजेला बसणार. मी बोललोय देवाला." हरूमल उठला. माघात काठी टेकत नळापर्यंत आला तेव्हा बायकांनी त्याला बादली पुढे करून दिली.

वामन माझ्याकडे आला. "सेक्रेटरी, यंदा पाच नंबरची पाळी. आमचा नवस आहे."

मी म्हणालो, "बघू."

अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "वेड लागलंय का? भटजी काय म्हणतील? बंद लिही." मी लिहिलं. यादी नेऊन दिली. वामनने यादी वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली.

पाडव्याच्या सकाळी फलक टांगलेला होता. बारा ओळी. श्रावणापुढे लिहिलं होतं, "खोली क्र. ५ : दंपती श्री. वामन व श्री. हरूमल".

चाळीत असा गोंधळ मी एकदा आग लागली होती तेव्हासुद्धा पाहिला नव्हता. अण्णा लुंगीवरच बाहेर आले. "दंपती? दंपती! सेक्रेटरी, हे आत्ताच्या आत्ता पुसायला सांग."

मी म्हणालो, "वामन, पूस ते."

"ऑइल पेंट आहे, सेक्रेटरी, पुसलं जात नाही. खरवडावं लागतं." त्याने आतून पत्र्याची पट्टी आणली आणि माझ्या हातात दिली. "दहा वर्षं मी तुमच्यासाठी बंद लिहिलं. आता तुम्ही माझ्यासाठी खरवडा."

मी स्टुलावर चढलो. खरंच चढलो. पट्टी अक्षराला लावली. खालून हिराचा आवाज आला.

"आदी आपली ओळ खरवडा."

मी खाली पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती. "सहा नंबर. सौ. आन् श्री. ती खरवडा आदी. त्या खोलीच्या पाळीला मी यायची न्हाय बसायला. पाच नंबर बंद हाय व्हय? मंग माझा ताप कोणी उतरवला गेल्या साली? तुमच्या प्यांटी कोणी आणल्या कापून? बंद खोलीतल्या भुतानं?"

कोणीतरी हसलं. अण्णा ओरडले, "बायकांनी मध्ये पडायचं नाही! रजिस्टर काढ. रजिस्टरात काय आहे तेच खरं."

मी स्टुलावरून उतरलो, रजिस्टर आणलं. पान उघडलं. माझंच अक्षर, वेडंवाकडं. बंद, बंद, बंद. कारखान्यात मी कधी खोटी हजेरी लावली नाही, दुसऱ्याची कार्डं पंच केली नाहीत. आणि इथे दहा वेळा, सही करून, शेजाऱ्याच्या उघड्या दाराला कुलूप लावलं होतं. मी अण्णांना म्हणालो, "रजिस्टरात खोटं आहे. मी लिहिलंय. खोलीला एक दिवस कुलूप नव्हतं. नियम असा आहे की उघड्या खोलीला वगळायचं नाही. श्रावण पाच नंबरचा."

"मी अध्यक्ष आहे!"

"आहात. पण गेले दहा श्रावण तुम्ही दुसऱ्याच्या पाळीत बसलात."

यावर बायकांनीच आवाज चढवला. श्रावणातला अण्णांचा दुसरा मान कोणालाच आवडत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. माणसं न्यायाला धावली असं मी म्हणणार नाही. काही जण अण्णांवर दात धरूनच आले. पण आले. फलक तसाच राहिला.

चार महिने चाळीत नुसती कुजबुज. हरूमल घाबरला होता. "छोड ना वामन, घर में ही कर लेते हैं पूजा." वामन म्हणायचा, "घरात तर आपण रोजच आहोत."

श्रावणी पौर्णिमा आली. चाळीपुढे मांडव, चौरंग, केळीचे खांब. हिराने शिरा ढवळला. दोघे नवीन धोतर नेसून आले. हरूमलला धोतर नेसवताना वामनने तीन वेळा सोडून पुन्हा नेसवलं म्हणे. भटजी आले, पाटावर दोघांना पाहिलं आणि थांबले.

"हे काय?"

वामन उभा राहिला. त्याने शांतपणे सांगितलं की वेदात दम म्हणजे घर, पती म्हणजे धनी, आणि दंपती म्हणजे एका घराचे दोन धनी. भटजी काही कच्चे नव्हते. "जाया, म्हणजे पत्नी, आणि पती, ते दंपती. व्याकरणात स्पष्ट आहे."

"ते नंतर लावलेलं. आधी घर होतं."

"तू पाट्या रंगव, मला व्याकरण शिकवू नकोस."

वर्षानुवर्षं शोधलेला शब्द, आणि भटजींनी तो असा उडवून लावला. वामनचा चेहरा पडला. मी पाहत होतो. पण भटजी माणूस वाईट नव्हते. मांडव, शिरा, जमलेली चाळ त्यांनी पाहिली आणि तोडगा काढला. "असं करू. वामन एकटा यजमान. बायको नसली तर कमरेला सुपारी लावून बसता येतं, शास्त्रात सोय आहे. हा दुसरा बाजूला बसेल." आणि त्यांनी सुपारी पुढे केली.

हरूमल उठायलाच लागला होता. वामनने त्याचं मनगट धरून खाली बसवलं.

"भटजी, सुपारी कोणासाठी असते?"

"बायको हजर नसेल, किंवा वारली असेल, त्याच्यासाठी."

"माझं माणूस दीड महिना मरणाशी भांडून परत आलंय. हे बघा, श्वास घेतंय. जिवंत माणूस शेजारी बसवून मी सुपारी लावू? मग देवाला मागितलं ते काय?"

भटजींनी सुपारीकडे पाहिलं, हरूमलच्या अजून पिवळसर डोळ्यांकडे पाहिलं. सुपारी त्यांनी ताम्हणात ठेवली, गणपतीच्या जागी. मग खाली मान घालून संकल्प सुरू केला. नाव, गोत्र. गोत्राला हरूमल अडखळला, तर म्हणाले, "कश्यप म्हणा, आठवत नसलं की कश्यप." आणि वामनच्या हातावर पळीभर पाणी सोडताना, आयुष्यभराच्या सवयीने, पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. प्रत्येक पूजेत ते बायकोला सांगतात ते.

"हाताला हात लावा."

हरूमलने वामनच्या हाताला हात लावला. सगळ्या चाळीसमोर. भटजी क्षणभर थबकले, आणि पुढे म्हणू लागले.

हिराने शिऱ्याची कढई उतरवली आणि पदराने तोंड पुसलं. शिऱ्याचा धूर लागला म्हणाली.

अण्णा आणि आणखी दोन घरं पूजेच्या सुरुवातीलाच उठून गेली होती. पण कथा मोठ्याने वाचली जाते आणि आमच्या भिंती पातळ. प्रसाद नाकारणाऱ्या राजाचं वाटोळं झाल्याचा अध्याय आला तशी दोन्ही घरं हळूच मांडवात आली. अण्णा सगळ्यात शेवटी आले, द्रोण पुढे करून, हिराकडे न बघता. हिराने त्यांना दोन डाव शिरा जास्त वाढला.

नंतर पाच-सहा वर्षं दर श्रावणात पाच नंबर बसलं. कोणाला त्यात विशेष वाटेनासं झालं. मग त्यांनी बदलापूरला कात्रपमध्ये छोटा फ्लॅट घेतला आणि गेले. दोन वर्षांत वामन गेला, झोपेतच. गावाहून पुतणे आले. त्यांनी काकाला वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. स्मशानात मडकं धरायला पुतण्या पुढे झाला. बुवापाड्याची अर्धी चाळ तिथे होती. अण्णा काठी टेकत गेले, पुतण्याच्या हातातून मडकं घेतलं आणि हरूमलच्या खांद्यावर ठेवलं. पुतण्या म्हणाला, "हे कोण?" अण्णा म्हणाले, "घरधनी." एवढंच. मी त्यांना त्या दिवशी सगळं माफ केलं.

गेल्या आषाढात हिरा गेली. पंचेचाळीस वर्षांचा संसार. घरात आवाज नाही. मी चूक बोललो तर ताट आदळणारं कोणी नाही. तेराव्याला हरूमल आला, कात्रपहून, रिक्षा करून. सत्तरीला टेकलेला, वाकलेला. हिराच्या फोटोला हार घातला आणि माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, "साईं, पहला साल दो कप चाय बनेगी. बनने देना."

माझ्या भाच्याने विचारलं, "मामा, हे कोण आपले?"

पूर्वी असं कोणी विचारलं की मी शेजारी म्हणायचो, मित्र म्हणायचो. वामन असता तर त्याने दहा शब्द काढून त्यांची गावं सांगितली असती. मला एकच शब्द येत होता, आणि तो त्या तेरा दिवसांत माझ्या अंगाला नवीनच लागला होता.

"हा विधुर आहे," मी म्हणालो. "आमच्या वामनचा."

पानं मांडली होती. मी हरूमलला हाताला धरून उठवलं, आणि आम्ही दोघे विधुर एका पंक्तीला जेवायला बसलो.